ढेकण्या दातार आणि बिनतोंडाचा पतंग

विश्राम दातारांना शेती खात्यात सगळे ‘ढेकण्या’ म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि दातारांना त्याचा राग येत नसे. उलट एखाद्या नव्या साहेबाने ‘मिस्टर दातार’ अशी हाक मारली की तेच बिचकायचे.

त्यांची सगळी नोकरी कल्याण, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात पिकांवरच्या किडी मारायला शिकवण्यात गेली. भात दुधात आलं की हा माणूस बांधावर हजर. खिशातून काचेची नळी काढायची आणि आतला लांबट, काटकुळा, हिरवट किडा जमलेल्या लोकांसमोर धरायचा. “हा ढेकण्या. ह्याचं आयुष्य म्हणजे एक तोंड. बाकीचं शरीर आहे ते तोंड इकडून तिकडे न्यायला. लोंबीत दूध भरलं की हा सोंड खुपसणार, दूध पिऊन घेणार आणि तुमच्यासाठी पळिंज ठेवणार.” पळिंज म्हणजे आत काहीच नसलेला पोकळ दाणा. मग नळीचं बूच काढून पुढे बसलेल्याच्या नाकाखाली धरायची. तो ‘शीऽऽ’ करत मागे सरकला की दातार खूश. “शेतात शिरताना हा वास आला तर समजा, पाहुणे जेवायला बसलेत.” वर्षानुवर्षं तेच भाषण, तोच विनोद, आणि लोक दर वेळी हसायचे. असं भाषण करणाऱ्याला दुसरं काय नाव पडणार?

निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात, कोणी हार्मोनियम शिकतं. दातारांनी यातलं काही केलं नाही. डोंबिवली पूर्वेला त्यांचं तळमजल्यावर घर होतं. त्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते बसले, आणि रोग आपल्या पायांनी त्यांच्याकडे चालत आला. डोंबिवलीत ज्याला खिडकी आहे त्याच्याकडे कुंडी आहे, आणि ज्याच्याकडे कुंडी आहे त्याची जास्वंद आजारी आहे. पहिल्यांदा शेजारच्या बाई आल्या, मग त्यांची बहीण, मग बहिणीची अख्खी बिल्डिंग. होता होता रविवार सकाळ ठरून गेली. लोक प्लास्टिकच्या पिशवीत पानं घालून आणायचे, दातार पान नाकाशी धरायचे, दोन बोटांत चोळायचे, आणि निकाल द्यायचे. निकालाबरोबर बोलणीही फुकट मिळायची. “पाणी रोज घालता? दोन वेळा? अहो, मग ती कुंडी आहे की विहीर?” लोकांना ती बोलणीही आवडायची. माणसांचं काही सांगता येत नाही.

मग डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडेकडेचं दिसत राहील, पण झिजलेलं परत यायचं नाही. चालता येईल, ताट दिसेल, माणूस आलेला कळेल. पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नेमकं पुसलं जाईल. आता किडा ओळखणाऱ्या माणसाला रोखून बघायचं नाही तर काय करायचं? दातार दवाखान्यातून बाहेर पडले आणि बायकोबरोबर रिक्षात बसले. बसल्यावर म्हणाले, “कादंबरीला सांगायचं नाही. नंबर वाढलाय म्हणायचं.”

कादंबरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायची. मागच्या बाजूला येऊरचं जंगल, पुढच्या बाजूला न हलणारी गाड्यांची रांग. मुलगी गुणी होती, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. दोन वर्षं तिचं एकच पालुपद चालू होतं. “तुम्ही दोघं आता माझ्याकडे या. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, मी आहे.” तिला डोळ्यांचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला असता. मग चौदाव्या मजल्यावर कोण पान घेऊन येणार होतं? दातारांना त्या विचाराने अक्षरशः धडकी भरायची. रविवार गेला तर आपलं काय उरलं, हे ते स्वतःलाही विचारत नसत.

रविवार चालू राहिला तो त्यांच्या बायकोमुळे. सरोजबाई जन्माच्या अबोल. चार शब्दांच्या जागी एक वापरणाऱ्या. पण डोळे गेले त्या पावसाळ्यापासून त्या रविवारी गॅलरीत येऊन बसायला लागल्या आणि आलेलं पान आधी आपल्याच हातात घ्यायला लागल्या. “अगंबाई, केवढं हे पांढरं! मागच्या बाजूने अगदी कापूस पिंजून ठेवल्यासारखं. आणि मुंग्याही लागल्यात की देठाला!” असं स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायच्या आणि पान नवऱ्याच्या हातात द्यायच्या. नवरा पान नाकाशी न्यायचा, चोळायचा आणि म्हणायचा, “पिठ्या ढेकूण. साबणाचं पाणी मारा.” म्हातारपणी दातारकाकूंना कंठ फुटला म्हणून लोक गालात हसायचे. यावर नवरा-बायकोत एका शब्दाने बोलणं झालेलं नव्हतं. ती सांगत होती हे त्यांनी कबूल केलं नाही, आणि आपण सांगतोय हे तिनेही दाखवलं नाही. नवरा-बायकोत असं पुष्कळ काही चालतं, त्यातलंच हे एक.

आणि एका बुधवारी सरोजबाई भजनी मंडळाबरोबर कल्याणला गेल्या.

दुपारी कादंबरीचा फोन आला. ती ऑफिसच्या कामासाठी बाहेर पडली होती आणि गाडी नेहमीसारखी अडकलेली. “बाबा, एक फोटो पाठवलाय. आमच्या सोसायटीच्या बागेतलं सीताफळ. पानांवर पांढरं पांढरं आलंय म्हणे. सेक्रेटरी माझ्या डोक्यावर बसलाय, तुमच्या बाबांना विचारा, फवारायचं का. फवारणीवाला येऊन उभा आहे.”

दातारांनी फोन जवळ धरला, लांब धरला, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. हिरव्यात काहीतरी पांढरट पुसट होतं. फोटोला वास नाही, चोळावं तर बोटाला काच लागते. आईला येऊ दे, मग सांगतो, एवढं वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर ‘आई कशाला?’ हा प्रश्न आला असता, आणि त्या प्रश्नाच्या मागे टेम्पो. शिवाय सीताफळावर पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूणच, दुसरं काय असणार? बहुतेक वेळा असतोही तोच.

“पिठ्या ढेकूण आहे,” ते म्हणाले. “मारा.”

हा शब्द त्यांनी आयुष्यभर इतक्या बांधांवर इतक्या वेळा उच्चारला होता, की तो अगदी सहज निघाला.

संध्याकाळी परत फोन. या वेळी कादंबरीच्या मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

“बाबा, ते ढेकूण नव्हते. अळ्या होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्या, आणि अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुकटी. जंगलातल्या अ‍ॅटलास पतंगाच्या अळ्या. आपल्या इथला सगळ्यात मोठा पतंग तो. झाडाखाली नुसता सडा पडलाय. सोसायटीतली मुलं गोळा करतायत.”

“फोटो धड नव्हता,” दातार म्हणाले.

“फोटोत त्यांचे पाय दिसतायत, बाबा. मी आत्ता मोठा करून बघितला. तुम्ही नीट बघितला होतात ना?”

“बघितला म्हणजे? मी काय आज बघतोय किडे?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

सरोजबाई परत आल्या तेव्हा ते गॅलरीत दिवा न लावता बसले होते. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “मला फोन करायचात.” “आणि काय विचारू?” दातार म्हणाले. त्यांनी पदर खोचला. स्वयंपाकघरात जाऊन भात लावला आणि कुकरसमोर उभ्या राहून रडल्या. भजनाचा राग आला, मंडळाचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तासाभराचं भजन, आणि तेवढ्यात हे होऊन बसलं.

पुढच्या रविवारी दातार खुर्चीत बसले, पण बसलेला माणूस वेगळा होता. कोणाला बोलणी नाहीत, कोणाची विहीर काढली नाही. पान हातात घ्यायचे, ठेवायचे, “करा साबणाचं पाणी,” म्हणायचे. एका बाईंच्या गुलाबाला खत कमी पडलं होतं, त्यालाही साबणाचं पाणी. लोक परस्परांत म्हणाले, काकांची तब्येत बरी दिसत नाही.

काही दिवसांनी कादंबरी आली ती हातात एक फांदी घेऊन. फांदीला एक वाळकं पान गुंडाळल्यासारखं लटकत होतं, आत तपकिरी कोष. “कंपाउंडच्या भिंतीकडे ही एकच अळी वाचली. फवारणीच्या आधीच गुंडाळून बसली होती. माझ्या बाल्कनीत कबुतरं ठेवणार नाहीत. तुमच्याकडे राहू दे.” फांदी तिने गॅलरीच्या ग्रिलला बांधली. सीताफळाबद्दल एक शब्द बोलली नाही, हे दातारांना बोललेल्यापेक्षा जास्त लागलं. जाताना मात्र आईला म्हणाली, “दिवाळीच्या आत ठरवून टाका. बाबांचं वय झालंय आता. त्यांच्याकडून अशी चूक कधी झाली नसती.”

त्यानंतर दातार रोज सकाळी दात घासायच्या आधी ग्रिलपाशी जायचे आणि कोष बोटाने हलकेच चाचपायचे. कागदासारखा कोरडा, जरा खरखरीत. वास काही नाही. “हे जिवंत आहे का गं?” ते विचारायचे. “असेल,” सरोजबाई म्हणायच्या. किडा जगावा म्हणून ढेकण्या दातार रोज उठून बघतायत, हे त्यांच्या खात्यातल्या कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आणि तो बाहेर आला रविवारी. तोच वार नेमका. कादंबरी आदल्या दिवशीच मुक्कामाला आली होती, घराचं बोलणं पक्कं करायला, आणि ती घरात म्हणून दातारांनी त्या सकाळी कोष चाचपला नव्हता. सरोजबाई आत चहा टाकत होत्या. प्रीती नावाची तिसऱ्या गल्लीतली मुलगी मांडीवर मिरचीचं रोप घेऊन बसली होती, आणखी दोघं-तिघं होते. प्रीतीच एकदम ओरडली.

“अय्या! काका, बघा ना! केवढं आहे ते!”

सगळे उठले. कोषातून तो पहाटेच कधीतरी निघाला असणार, कारण कोषापासून फांदीच्या टोकापर्यंत सरकून, पंख पुरते पसरून, वाळवून निवांत लटकला होता. जेवणाच्या ताटाएवढा. विटकरी, तपकिरी, मध्ये पिवळट नागमोडी रेघा. लोकांची मोबाइल काढायची एकच घाई.

दातारही उठले, ग्रिलकडे तोंड केलं, हात मागे बांधले. “हं,” ते म्हणाले. “सुंदर आहे. रंग काय चढलाय.”

कादंबरीला आधी वाटलं, बाबा गंमत करतायत. कारण ते पतंगाकडे बघत नव्हते. पतंगाच्या उजवीकडे, दोन हातांवर, सरोजबाईंनी कालच धुऊन वाळत घातलेलं तपकिरी पायपुसणं होतं. दातार त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी बोट पुढे केलं. “ही कडेची नक्षी बघा, कशी उतरलीय,” असं म्हणत ते बोट न टेकवता पायपुसण्याच्या काठावरून फिरवत राहिले.

मोबाइल खाली आले. प्रीतीने मिरचीचं रोप छातीशी धरलं.

सरोजबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि त्यांना एका नजरेत सगळं कळलं. ‘अगंबाई, डावीकडे केवढं हे बसलंय!’ एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. दोन वर्षं अशीच तर निभावली होती. त्यांनी तोंडही उघडलं. पण समोर कादंबरीचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्याने खोटं बोलवेना.

माणसं गप्प झाली की आंधळ्यालाही कळतं, दातार तर अर्धेच आंधळे. त्यांनी बोट मागे घेतलं.

“सरोज, मी चुकीच्या बाजूला बघतोय ना?”

“हो.”

“कशाकडे बघतोय?”

“पायपुसण्याकडे.”

प्रीतीच्या तोंडून हसू निसटलं आणि तिने लगेच ओठ दाबले. पण दातारच हसले. बऱ्याच आठवड्यांनी हसले. “धुतलंयस मात्र छान,” ते म्हणाले. मग खुर्ची चाचपून बसले. “आता सांग. मोठ्याने सांग, सगळ्यांसमोर. कुठे आहे, कसं आहे.”

सरोजबाईंनी ट्रे खाली ठेवला. कान लाल झाले होते. आडून आडून बोलायला त्यांना सवयीने जमत होतं. हे उघड बोलणं मात्र नवं होतं. पहिलं वाक्य निघेना. मग निघालं.

“तुमच्या डाव्या हाताला, डोक्याच्या वर. चार पंख. पुढच्या पंखांची टोकं वाकलीत, सापाने डोकं काढल्यासारखी, डोळासुद्धा आहे त्याला. आणि प्रत्येक पंखाच्या मध्ये एक तिकोनी तुकडा असा आहे, की तिथे रंगच नाही. काच बसवल्यासारखं. त्यातून पलीकडची पपई दिसतेय.”

“आणि तोंड?” ढेकण्या दातारांनी विचारलं. “तोंड कसं आहे? सोंड आहे की जबडा?”

सरोजबाई जवळ जाऊन निरखू लागल्या. “मला तर काही दिसत नाहीये.”

“नसतंच, बाबा,” कादंबरी म्हणाली. फांदी आणल्यापासून तिने सगळं वाचून काढलं होतं. “ह्या पतंगाला तोंड नसतं. म्हणजे खाण्यापुरतंसुद्धा नाही. अळी असताना जे काय खाल्लं असेल, त्यावर आठवडाभर जगायचं. मादी आहे ही. अंडी घालेल आणि मरेल.”

दातारांनी मान वर, डावीकडे वळवली. ज्याचं सगळं आयुष्य म्हणजे तोंड, त्या किड्यावर त्यांनी जन्मभर पोट भरलं होतं. आणि हे एवढं धूड, ताटाएवढं, आणि तोंडच नाही?

“वास?” त्यांनी नाक पुढे केलं. “वास येत नाही.”

“आपल्याला येत नाही. तिला वास सोडता येतो, पण तो फक्त तिच्या नरांना कळतो. कोसभरावरून शोधत येतात.”

“आमचा ढेकण्या वास सोडतो तो सगळ्यांनी लांब जावं म्हणून,” दातार म्हणाले. “हिचं उलटंच आहे. एकाने यावं म्हणून. आणि इथे डोंबिवलीत कोण येणार हिच्यासाठी?”

“म्हणून तर संध्याकाळच्या आत येऊरला नेऊन सोडते.” मग कादंबरीला राहवेना. “कधीपासून, बाबा?”

“दोन पावसाळे झाले.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू टेम्पो आणला असतास.”

तिने खरोखरच आणला असता. तिला आईचा राग आला, बाबांचा आला. ‘बाबांचं वय झालंय’ हे आपण किती आरामात बोलून गेलो, ते आठवलं.

“काका, मी मग येऊ का नंतर?” प्रीती हळूच म्हणाली.

“का? तुझ्या मिरचीचं काय बिनसलंय ते सांगितल्याशिवाय जाणार? बस खाली. पान हिच्याकडे दे. मला दिसत नाही.”

हे त्यांनी ‘चहात साखर कमी आहे’ म्हणावं तसं म्हटलं. प्रीतीने पान तोडून सरोजबाईंना दिलं. सरोजबाई सवयीने “अगंबाई” म्हणायला गेल्या आणि थांबल्या. त्याची आता गरज नव्हती.

“पान वळलंय,” त्या म्हणाल्या.

“वर की खाली?”

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. विचारता येत नव्हतं. ती देईल तेवढ्यावर भागवायचं आणि उरलेलं नाकाने, बोटांनी आणि अंदाजाने भरून काढायचं, असं चाललं होतं. सरोजबाईंनी पान उजेडात धरलं.

“वर. होडीसारखं.”

“मागून चकाकतंय? चंदेरी?”

“हो. जरासं.”

“फुलकिडे. खाली वळलं असतं तर कोळी कीड म्हटली असती. निंबोळी अर्क मार, संध्याकाळी, उन्हात नाही. आणि गच्चीत ठेवलंयस ना रोप? पाणी किती वेळा घालतेस?”

“दोन वेळा, काका.”

“मग ती कुंडी आहे की विहीर?”

गॅलरीतली सगळी माणसं हसली, नेहमीसारखी. कादंबरी दाराला टेकून बघत राहिली. एकामागून एक पानं येत होती, आई सांगत होती, बाबा विचारत होते, आई परत बघून सांगत होती. दिवाळीच्या आत काय ठरवायचं, ते बोलणं त्या दिवशी कोणी काढलं नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर कादंबरीने भोकं पाडलेल्या खोक्यात फांदीसकट पतंग ठेवला. सरोजबाईंनी पायपुसणं काढून जागेवर टाकलं. दातार मुलीला सोडायला फाटकापर्यंत आले, कडेकडेने बघत, न धडपडता.

“पुढच्या रविवारी येते,” कादंबरी म्हणाली. “सीताफळाला नवी पालवी आलीय. तिच्यावर काहीतरी दिसतंय. फोटो पाठवू?”

“फोटो नको. पानं आण,” दातार म्हणाले. “आणि निघायच्या आधी फोन करून विचार, आई घरी आहे का. ती नसेल तर येऊ नकोस.”